पडद्यावरचे डोळे

करुणेला डोळे असतात. हे वाक्य व्यासपीठामागे सोनेरी अक्षरांत झळकत होतं, म्हणून मी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. पण त्या शुक्रवारी दुपारी, दोह्याच्या वेस्ट बेमधल्या हॉटेलच्या गारठलेल्या दालनात, आमच्या मराठी मंडळाच्या मदत-मेळाव्यात, करुणेचे डोळे खरोखरच आमच्यावर रोखलेले होते. परातीएवढे मोठे, आणि काही केल्या मिटत नव्हते.

डोळे अकिनीचे होते. नैरोबीतली ही मुलगी गेल्या वर्षापर्यंत बसस्थानकामागे झोपायची. आता एका निवाऱ्यातल्या शाळेत होती. तिथल्या इयत्ता संपत आलेल्या. पुढच्या वसतिशाळेतली तिची जागा, आज इथे कुणी तिच्या शिक्षणाचं पालकत्व घेतलं तरच टिकणार होती. थेट व्हिडिओ जोडणीवरून, मोठ्या पडद्यावर, ती दोन वाक्यं बोलणार होती. तिने ओठ विलग केले आणि चित्र गोठलं.

"सर, सिस्टम हँग है," तंत्रज्ञ म्हणाला. निवेदकाने मग प्रसन्नपणे जेवण सुरू करायला सांगितलं. कुणाच्या न लवणाऱ्या पापण्यांखाली तुम्ही कधी बिर्याणी खाल्ली आहे? दालनातलं बोलणं हळूहळू विझत गेलं. मी खुर्ची बदलली. नजर माझ्याबरोबर सरकली. चमच्यांचा आवाजसुद्धा अपराधी वाटू लागला.

"बाबा, दॅट्स माय शर्ट," माझी मुलगी कुजबुजली.

मी निरखून पाहिलं. फिकट निळा शर्ट. खिशावर लाल दोऱ्याने, ठसठशीत देवनागरीत, 'मृण्मयी'. आखूड झालेले गणवेश आमच्या मंडळानेच तिकडे धाडले होते, आणि नाशिकच्या वसतिगृहात वाढलेल्या माझ्या पत्नीला प्रत्येक कपड्यावर दोऱ्याने नाव भरायची जुनी खोड. आपल्या लेकीचं नाव एका परक्या, निश्चल चेहऱ्याखाली वाचताना अंगावर सरसरून काटा येतो! त्या अर्धवट उघडलेल्या ओठांतून कोणता आवाज निघाला असता? कोणाचं नाव? शेजारी मृण्मयी जेवायची थांबून स्वतःच्या खिशापाशी उगाच चाचपत होती.

"ओ, बंद करा तो पडदा," सूक वाकिफच्या जुन्या बाजारात मसाल्याचं दुकान असलेले रत्नागिरीचे दाऊदभाई शेवटी ओरडले. "घास उतरत नाय माझा."

"उतरणार कसा, चाचा? तिसरी प्लेट आहे," कुणीतरी टोमणा मारला.

दाऊदभाईंनी ताट दूर सारलं. "शिकवतो मी तिला. शेवटपर्यंत शिकवतो. खलास! पण आता तिला सांगा, बघू नको म्हणावं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदकाने 'करुणेचा विजय' घोषित केला. शाली आल्या, फुलं आली, छायाचित्रकार आला. त्या गदारोळात पडदा एकदा थरथरला आणि चित्र परत जिवंत झालं. पडद्यावर रिकामी खुर्ची होती.

खुर्चीमागून धावत आलेल्या तिथल्या शिक्षिकेने क्षमा मागितली. वीज गेली होती, मुलं केव्हाच उठली होती, अकिनी सर्वांत आधी. तिची जागा पक्की झाल्याचं कळल्यावर बाईंना हुंदका आवरेना. त्या सावरल्यावर निवेदकाने भारावल्या स्वरात विचारलं, की ती बालिका आमच्याकडे इतकं एकटक पाहत होती, तेव्हा तिच्या मनात काय असेल?

बाईंनी कॅमेऱ्याच्या वर बोट दाखवलं. तिथे भिंतीवर घड्याळ आहे, त्या म्हणाल्या. दोह्यात आणि नैरोबीत एकच वेळ असते. जेवायची सुट्टी झाली होती.