शांतामावशीच्या घरी

आज नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास आला आणि मला मुरुडचा तो उन्हाळा आठवला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दोन वर्षं पाऊस नव्हता, आणि टँकरच्या पाण्याला असाच वास यायचा.

शेजारच्या शांतामावशीचं तान्हं बाळ जुलाबाने गेलं. मावशी आमच्याच चर्चला यायची. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी भाकरी नेतात. त्या वर्षी पाणीही न्यायचे. आईने माझ्याजवळ घागर दिली. "ठेव अन् जवळ बस. बोलू नको काही." एरवीही मी कुठे बोलायचे!

पण इंग्रजी शाळेच्या होस्टेलवर पाठ केलेलं उत्तर माझ्यापाशी तयार होतं. मावशी भिंतीला टेकून बसली होती. तिचा पदर दुधाने ओला झाला होता. मी म्हणाले, "मावशी, देव आपली परीक्षा घेतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. "हाव का? मग मी नापास हाय म्हणावं त्याला. लेकरू दे म्हणावं वापस."

मी घाबरून पळाले. मावशी देवाला बोल लावतेय, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्या घरात देवाशी खरं बोलणारी ती एकटीच होती.

त्यानंतर मावशी चर्चला आली नाही. "पाण्याच्या रांगेत असंल," आई म्हणायची. आई अजूनही दर रविवारी बाकावर तिच्यापुरती जागा सोडून बसते. मावशी का येत नाही, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.