टिचकी

दुकानातून आणलेल्या गणपतीच्या पाठीवर आज सहज टिचकी मारली आणि तीस वर्षांपूर्वीची सुजाता आठवली. पेणला मी अकरावीला संगीत शिकवायचे. पेटीवरचा सूर तिला कधीच ओळखता यायचा नाही. एकदा वैतागून सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला कानच नाही." तिने वर्ग सोडला.

पुढे पेणजवळच्या हमरापूरला गणपतीची मूर्ती ठरवायला गेले, तर कारखान्यात तीच! पांढऱ्या मूर्तींवर टिचक्या मारून ऐकत होती.

"ही नका घेऊ, मॅडम. आतून ओली हाय. ऐका ना."

तिने ती आणि शेजारची सुकी मूर्ती वाजवून दाखवली. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. "वर्गात परत ये," म्हणायला मात्र जीभ रेटली नाही.

आज घरात एकटीच आहे. मूर्तीला कान लावून पुन्हा टिचकी मारली. ओली की सुकी, अजूनही कळत नाही.