ब्लॉकचा रविवार

गाड्या बंद पडल्या की आनंदानं शीळ घालणारा माणूस साऱ्या डोंबिवलीत एकच होता, आणि तो नेमका आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहत होता. रविवारी रुळांच्या कामासाठी ब्लॉक असल्याचं पेपरात आलं की समोरचे काका शनिवारपासूनच खुशीत. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. काका ठाण्याच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचे. हृदयाला ठोक्यागणिक बारीकसं चुंबकत्व असतं, परदेशात ते अंगाला हातही न लावता मोजतात आणि झटका ओळखतात, असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. गाडी धावली की तारांतल्या विजेनं त्यांचं घरगुती यंत्र वेडंपिसं व्हायचं. "तिकडे यासाठी खास बंद खोली बांधतात," ते म्हणायचे. "आपल्याकडे खोली नाही, पण ब्लॉक आहे!"

यंत्र म्हणजे तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं, टांगलेला इवलासा आरसा आणि त्यावरून भिंतीवर पडणारा उजेडाचा ठिपका. समोर लाकडी स्टूल. त्यावर बसायचं तर किल्ल्या, पट्टा, सेफ्टीपिना, सगळं लोखंड दाराबाहेर. माझे वडील तर पंचा नेसूनच जायचे. आत पडदे ओढलेले, बाहेर रूळ गप्प, आणि भिंतीवर तो ठिपका, आपल्याकडेच बघत असल्यासारखा. हसत आत गेलेला माणूससुद्धा कुजबुजायला लागायचा. खाडीवरून मासळी घेऊन येणारी मावशी तर उंबऱ्यावरूनच म्हणाली, "मना नको बसवू, काका. माजा कालीज मना ठाव हाय."

तळमजल्यावरच्या वाण्याच्या वेळी ठिपका थरथरला. काका सहज म्हणाले, "गाडी गेली वाटतं. चला शेठ, जरा चहा घेऊन येऊ." आणि हाताला धरून त्याला थेट डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तसंच इस्पितळात धाडलं, म्हणून वाणी वाचला. पुढे वरच्या मजल्यावरच्या शाळामास्तरांच्या बाबतीतही तेच झालं. तेव्हापासून "गाडी गेली वाटतं" ऐकलं की बिल्डिंगच्या काळजाचं पाणी व्हायचं. मी तेव्हा इंजिनियरिंगला होतो. असल्या यंत्राला हृदयाचा पत्ता लागणं शक्यच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांच्या दारावरून जाताना मी श्वास धरून जायचो.

एका ब्लॉकच्या रविवारी काका म्हणाले, "अरे, आज मी बसतो. ठिपका तू बघ." भिंतीकडे पाठ करून ते स्टुलावर बसले. ठिपका हलला. थांबला, पुन्हा हलला, मग नुसता थरथरतच राहिला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "गाडी गेली वाटतं, काका."

काका वळले नाहीत. "असेल, असेल," एवढंच म्हणाले आणि तसेच बसून राहिले. चहाला चला म्हणायचा मला धीर झाला नाही. उद्या बोलू, असं मनाशी ठरवून मी किल्ल्या उचलल्या आणि घरी आलो. मंगळवारी काका कारखान्यात कामाच्या टेबलाशीच हृदयाच्या झटक्यानं गेले.

ते स्टुलावर कशाची वाट बघत बसले होते, हे मला फार उशिरा कळलं. गाडी गेली नव्हती, हे रुळांलगत उभा जन्म काढलेल्या माणसाला सांगायची गरजच नव्हती. मी नुसता त्यांचा हात धरायला हवा होता.

अजूनही ब्लॉकच्या रविवारी माझ्या हातून किल्ल्या आपसूक दाराबाहेर ठेवल्या जातात. मग मी कान देऊन बसतो. एखादी गाडी जावी, असं फार वाटतं.