बांगडेवाली आणि माझा उमेदवार

ऐंशी सालानंतरच्या एका निवडणुकीत मी एका उमेदवारावर भाळले होते. का, तर तो आमच्या रत्नागिरीच्या घरी आला, सासूबाईंच्या पाया पडला आणि माझ्या चार आंबोळ्या खाऊन गेला! एवढ्यावर मी त्याला देवमाणूस ठरवून मोकळी.

आमच्या दारी रोज एक बांगडेवाली यायची. ती मला ‘बाय’ म्हणे, मीही तिला ‘बाय’च, नाव विचारायचं कधी सुचलं नाही. तिचं लुगडं कंबरेपर्यंत ओलं असे. होड्या लागायला धक्का नव्हता, त्यामुळे बायका चिखलातूनच टोपल्या आणत. मी ऐटीत म्हटलं, "सगळ्यांचे अंगठे आण, अर्ज मी लिहिते. माणूस आपला आहे, सासूबाईंच्या पाया पडलाय, धक्का बांधेल." तिने अंगठे आणले. वर सगळ्यांची मतंही त्यालाच द्यायला लावली.

तो निवडून आला. धक्काही झाला, पण प्रचाराला जीपगाड्या पुरवणाऱ्या बर्फ कारखानदाराच्या दारात, त्याच्या ट्रॉलरांसाठी.

लाजेने मी आठवडाभर दार उघडलं नाही. घरात रोज कुळथाची पिठी! शेवटी तिने ओटीवरच बैठक मारली आणि मी निमूट बाहेर आले. लुगडं तसंच ओलं होतं. सवयीने बांगड्याचा कल्ला उचकटून ताजा आहे का ते बघू लागले. तशी ती टोपलीवर हात आपटत खदखदून हसली.

"अगो बाय, बांगडा घेताना कल्ला उघडून बघतेस, आणि आमदार घेतलास तो नुसता नमस्कार बघून?"