बसप्पाची बॅटरी

मुलगी किनवटच्या कॅम्पला निघायला दोन दिवस होते आणि आमच्या नांदेडच्या घरात जेवणाच्या टेबलावर तीन दिवे मांडलेले होते. रश्मी लातूरला वनस्पतिशास्त्र शिकते. झाडांच्या नोंदी करायला तिच्या वर्गातली आठ जणं आठवडाभर जंगलात राहणार होती. मुक्कामाच्या जागी वीज नाही. परत आल्यावर लगेच परीक्षा. रोज संध्याकाळी अडीच तास वाचन धरलं तर वीस तास टिकणारा दिवा हवा होता.

खोक्यावरचे तास खरे धरू नयेत. तिथे 'शंभर तास' लिहिलेलं असतं ते सगळ्यात मंद उजेडाचं. त्या उजेडात दिवा दिसतो, अक्षर दिसत नाही. मी तिन्ही दिवे वाचता येईल एवढ्या उजेडावर लावले आणि घड्याळ घेऊन बसलो. पहिला पुस्तकाला चिमट्याने लावायचा. तो सहाव्या तासाला मंदावला. दुसरा सोलरचा. दाट झाडीत त्याला ऊन कुठून मिळणार? तिसरा एका चार्जिंगवर चोवीस तास चालला. शिवाय त्याला लॉक होतं. बटण तीन सेकंद दाबून धरल्याशिवाय तो पेटत नाही. त्यामुळे सॅकमध्ये आपोआप लागून संपण्याची भीती नाही.

"हाच घेते," रश्मी म्हणाली.

"याला लॉक आहे."

"म्हणून तर हाच, पप्पा."

"दुसऱ्या कुणाला पेटवता येणार नाही."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "आवो, पोरगी झाडं मोजायला चालली, बॉर्डरवर न्हाई. तीन दिवस झाले, आपण खाली बसून जेवून राहिलो आन् टेबलावर दिवे बसलेत पाव्हण्यासारखे!"

रश्मी हसली. मला हसू आलं नाही. त्याचं कारण मी घरात कधी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं. तेच इथे लिहितो.

मी लष्करात, सिग्नल्समध्ये म्हणजे संदेशवहनाच्या विभागात, नायक होतो. उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर आमचं सहा जणांचं डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी, होतं. पोस्ट आणि खालच्या कॅम्पमधली टेलिफोन लाइन चालू ठेवायची, हे काम. सकाळी लाइन टेस्ट, दुपारी बर्फ उपसणं, अंधार पडताना स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारासह आपापल्या जागी उभं राहायचं. रॉकेल आणि सेल खालून माणसांच्या पाठीवर यायचे. जपून वापरावे लागत.

लान्स नायक बसप्पा उदगीरचा. मी मूळचा नायगावचा. पोस्टवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्याच्या कपाळावरची विभूती बर्फातही चुकली नाही. नायकाच्या प्रमोशनसाठी त्याला एक परीक्षा द्यायची होती. संध्याकाळी ड्यूटी संपली की तो स्लीपिंग बॅगमध्ये डोकं घालून बॅटरीच्या उजेडात वाचायचा. टॉर्चला आमच्याकडे बॅटरी म्हणतात. त्याची बॅटरी घरून आणलेली, स्टीलची, दोन सेलची होती.

सुभेदार साहेब विचारायचे, "बसप्पा, कर्नल बनेगा क्या?"

"नहीं साब. नायक बन गया तो घरवाली चिठ्ठी में 'अहो' लिखेगी."

"अभी क्या लिखती है?"

"अभी सिर्फ भैंस का हाल लिखती है, साब."

एकदा मी ती बॅटरी मागितली. तो म्हणाला, "न्हाई पेटायची तुमच्याच्यानं, उस्ताद. ती माझंच ऐकती." मी ती थट्टा समजलो.

फेब्रुवारीत एका दुपारी लाइन तुटली. बसप्पा आणि सिग्नलमन नेगी तीन वाजता निघाले. पावणेपाचला फोन वाजला. "लाइन ओके. वापस आ रहे हैं." त्यानंतर ढग खाली उतरले आणि वारा सुटला. साडेपाचला रेडिओवर नेगी आला.

"बसप्पा सर नीचे फिसल गए. बर्फ का किनारा टूट गया. आवाज दे रहे हैं. ओव्हर."

"तुम कहां हो? ओव्हर."

"पता नहीं. कुछ दिखता नहीं. ओव्हर."

सुभेदार साहेब, मी आणि आणखी एक जवान दोर घेऊन निघालो. पुढे जाऊन बर्फ चाचपण्यासाठी बसप्पाने आपली सॅक नेगीकडे दिली होती. ती, आतल्या बॅटरीसकट, नेगीजवळ वरच राहिली होती.

"लाइट दिखाओ. ओव्हर."

"मेरी बत्ती ठंड में खत्म हो गई. बसप्पा सर की टॉर्च निकाली, वो भी डेड है. ओव्हर."

"बगल में दबाकर गरम करो. ओव्हर."

दहा मिनिटांनी तो पुन्हा आला. "गरम की. नहीं जलती. ओव्हर."

त्या वाऱ्यात हाक वीस पावलांपलीकडे जात नव्हती. आम्ही त्यांच्या जवळून दोनदा गेलो, हे दुसऱ्या दिवशी पावलांच्या खुणांवरून कळलं. नेगी सापडला तेव्हा सात वाजून गेले होते. तो म्हणाला, "थोडी देर पहले तक बोल रहे थे." मी दोराने खाली उतरलो. बसप्पा गेलेला होता.

सकाळी त्याचं सामान बांधायचं काम माझ्याकडे आलं. बॅटरी उघडली. दोन सेलपैकी एक उलटा घातलेला होता. मी तो सरळ केला. बॅटरी लख्ख पेटली. मी ती सुभेदार साहेबांपुढे धरली. त्यांनी ती एकदा विझवून पुन्हा पेटवली.

"नेगी को कोई कुछ नहीं बोलेगा," ते म्हणाले. "और आज से हर आदमी की टॉर्च हर आदमी के हाथ में जलेगी."

त्या दिवसापासून स्टँड-टूला आमचं एक ड्रिल ठरलं. प्रत्येकाने आपली टॉर्च उजवीकडच्याला द्यायची. त्याने डोळे मिटून, हातमोजे घालून ती पेटवायची. पहिली टॉर्च नेगी पेटवायचा. पोस्ट सोडेपर्यंत एकही संध्याकाळ चुकली नाही.

रजेवर आलो तेव्हा बसप्पाच्या घरी उदगीरला गेलो. त्याची पुस्तकं आणि बॅटरी मी नेली होती. सेल काढून वेगळे बांधले होते. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, राखणीला असायचे. त्यांनी सवयीने सेल बॅटरीत टाकले. एक सरळ, एक उलटा.

"काका, एक उलटा गेला," मी म्हणालो.

"उलटाच घालायचा असतोय. म्याच शिकिवलं त्येला. बाकीचे राखणदार माझी बॅटरी उचलून सेल जाळायचे. एक उलटा घातला की बिघडली म्हणून ठिवून देतात." मग त्यांनी विचारलं, "तिकडं कामाला आली का ही?"

"त्या टायमाला ती त्याच्या हातात नव्हती, काका."

हे खरं होतं. एवढंच खरं मी त्यांना सांगितलं.

बायको पदराला हात पुसत दारात उभी होती. तिने टेबलावरचा तिसरा दिवा उचलला, तीन सेकंद दाबून धरला, पेटवला आणि परत ठेवला.

दिवा तोच घेतला. तासांच्या हिशेबात दुसरा कुठला बसत नव्हता.

नांदेड स्टेशनवर गाडी लागली. रश्मीबरोबर कॅम्पला निघालेली तिची मैत्रीण सायमा सामान चढवत होती. रश्मीने तिच्या हातात दिवा दिला. "डोळे मिट आणि पेटव."

"क्या बी लावलंय तुम्ही बाप-लेकीनं!" सायमा म्हणाली. तिने डोळे मिटले, बटण दाबलं आणि सोडलं. दिवा पेटला नाही.

"दाबून धर," रश्मी म्हणाली. "मनात तीन मोज."

पेटला. रश्मीने बंद करून पुन्हा दिला. या वेळी सायमाने न सांगता पेटवला.

"अंकल, ठीक?"

"ठीक."

"आठही जणांकडून रोज करून घेते, पप्पा," रश्मी म्हणाली. "अंधार पडताना."

गाडी गेली. त्या दिवसापासून फोन लागत नाही. लागणार नाही हे माहीत होतं, तरी रोज लावून पाहतो. अंधार पडू लागला की गच्चीवर जातो आणि उत्तरेकडे, किनवटच्या बाजूला तोंड करून थोडा वेळ उभा राहतो. आता तिकडे आठही जण दिवा हातोहात देत असतील.

लान्स नायक बसप्पा, उदगीर. त्याच्या पुस्तकात खुणेची सुतळी शेवटून तिसऱ्या धड्यावर होती. रश्मीचे किती धडे राहिलेत, ते ती घरी आल्यावर विचारीन.