बाबांची उत्तरं

असले मेल पाठवणाऱ्यांपैकी एक जरी माझ्या हाती लागला ना, तर भर बाजारात कॉलर धरून विचारीन, काहून रे, आमचंच घर सापडलं का तुले?

भंडाऱ्यात आमचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. आलेला माणूस काहीच न घेता निघाला तरी बाबा त्याला पाणी विचारतात, दोन शब्द बोलतात, मगच जाऊ देतात. ही आमच्या दुकानाची रीत. घरात मेलचा पत्ता एकच, बाबांच्या फोनवरचा. वीजबिलापासून धाकट्या बहिणीच्या नोकरीच्या अर्जापर्यंत सगळीकडे तोच दिलेला. आणि बाबांनी दुकानाची रीत मेललाही लावली!

कर्ज घ्या, टकलावर केस उगवा, विदेशातली लॉटरी लागली, असला जो कचरा येई त्या प्रत्येकाला बाबा एका बोटानं उत्तर लिहीत. "आपले पत्र मिळाले. सध्या गरज नाही. भंडाऱ्यास आल्यास दुकानी अवश्य यावे." मी ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

"बाबा, उत्तर देऊ नका म्हणून कितीदा सांगू? पत्ता चालू आहे हे त्याईले समजते, मंग अजून पाठवते."

"तिकडंही माणूसच बसला असन ना, बाई. काही तं बोलाव लागते."

माणूस कायचा! मशीन असते ती. मी मेल उचलून स्पॅममध्ये टाकायची, तर बाबा तिथं जाऊन उत्तरं देऊन यायचे. कपाळ माझं!

बहीण नर्सिंग शिकलेली. नागपूरच्या एका दवाखान्यात तिनं अर्ज केला होता आणि त्या नोकरीपायी घरी आलेलं स्थळसुद्धा थांबवून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी विचारायची, "बाबा, दवाखान्याचा मेल आला का?" बाबा फोन खालीवर सरकवून म्हणायचे, "नाही बा अजून."

एका दुपारी मी चिडून तो सगळा कचरा पुसायला बसले. केसांच्या तेलाच्या ढिगाखाली दवाखान्याचा मेल निघाला. मुलाखत आदल्या दिवशीच होऊन गेली होती. बहिणीनं तो दुकानात उभ्यानंच वाचला. "पहिल्या एसटीनं गेली असती ना मी, ताई," एवढंच म्हणाली. फोन केला तर जागा भरली म्हणाले.

त्याच दिवशी मी बहिणीचा वेगळा पत्ता काढला. बाबांचा फोन ओढून घेतला आणि ओरडूनच सांगितलं, अनोळखी मेल उघडायचा नाही, लिंकला हात लावायचा नाही, उत्तर तर मुळीच नाही. बाबांनी फोनसाठी हात पुढे केला. मग म्हणाले, "एकच लिवू दे. दवाखान्याले."

कितीतरी वेळ लिहीत बसले. पोरीची चूक नाही, मेल माझ्या नजरेतून सुटला, तिला एकदा बोलवावे. पाठवला, तर लगेच उलट मेल आला. इंग्रजीत होता, म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

"काय म्हणते?"

"या पत्त्यावर आलेलं उत्तर कोणी वाचत नाही म्हणते, बाबा."

"कोणीच नाही?"

मी मान हलवली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, पाण्याच्या पितळी गुंडाचा भाव विचारला आणि थोडं थांबून निघून गेलं. बाबांनी त्याला पाणीही विचारलं नाही.