किटलीतलं पाणी

ऐंशीच्या दशकातला एक हिवाळा. न्यू जर्सीत बाहेर बर्फ, आणि आमच्या बेडरूमची खिडकी सताड उघडी. माझे तळहात-तळपाय पेटलेले, तोंडाला कोरड, डोळा लागला की गाऊन घामाने चिंब. यजमान आठवडाभर कानटोपी घालून झोपले. मग उशी काखोटीला मारून म्हणाले, "अगं, मी बेसमेंटमध्ये शिफ्ट होतो. तुझं बरं झालं की सांग." आम्ही कडाकडा भांडूनही कधी वेगळे झोपलो नव्हतो, आणि आता न भांडताच? मला ते फार लागलं.

डॉक्टर म्हणाला, वय झालं. कॉलेजातली लेक म्हणाली, "आई, इट्स नॉर्मल. रिलॅक्स." रिलॅक्स म्हणे! निदान मला केव्हाच ठाऊक होतं: उष्णता. आपल्याकडे तोंड येण्यापासून नवऱ्यावर ओरडण्यापर्यंत सगळं उष्णतेनंच होतं. मी पुण्याहून आणलेली काशाची वाटी काढली आणि तूप लावून तळपाय घासले. पाय काळे झाले, म्हणजे उष्णता उतरली, हे आमच्या घरचं शास्त्र. वर सब्जा, काकडी, बर्फ घातलेलं ताक आणि पोटाला विश्रांती म्हणून उपवास. पोट बिघडलं, पाय पेटलेलेच राहिले.

लॅबमध्ये माझ्या शेजारी काम करणाऱ्या चिनी मैत्रिणीला माझी दया आली. ती मला न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये तिच्या म्हाताऱ्या वैद्याकडे घेऊन गेली. त्यांनी माझी जीभ पाहिली, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि काहीतरी पुटपुटले. मैत्रिणीने भाषांतर केलं, "तुझं यिन कमी झालंय."

"छे, उष्णता जास्त झालीय," मी म्हटलं. वैद्यालाच निदान सांगायचं, ही आम्हा लोकांची जुनी खोड.

ते रागावले नाहीत. शेगडीवरच्या किटलीचं झाकण उचलून त्यांनी मला आत बघायला लावलं. तळाशी घोटभर पाणी चुरचुरत होतं. मैत्रिणीच्या तोंडून ते म्हणाले, "जाळ होता तेवढाच आहे. पाणी आटलंय, म्हणून बूड तापतंय. यिन म्हणजे अंगातला ओलावा, गारवा, विसावा. बाहेरून बर्फ लावून किटली भरत नाही."

मग त्यांनी माझा दिवस विचारला. लॅब, कॉफी, घरचा स्वयंपाक, शनिवार-रविवारी मराठी मंडळाच्या पंगतींचं रांधणं, आणि त्यात उपवास. ऐकताना ते मान हलवत राहिले. जन्मभर सगळ्यांनी मला तापट म्हटलं, जरा जास्तच आहे म्हटलं. तू आटली आहेस, भरून घे, असं कोणी म्हटलं नव्हतं. मला तिथेच रडू आलं.

उपाय म्हणून त्यांनी एक काळा काढा दिला. बर्फ बंद, उपवास बंद. तांदळाची पातळ पेज खायची आणि दुपारी जमेल तेव्हा आडवं व्हायचं. पेज आणि वामकुक्षी! एवढं ऐकायला मी पुणं सोडून न्यूयॉर्क गाठलं होतं.

घरी येऊन मी यजमानांना किटलीची गोष्ट सांगितली. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथून म्हणाले, "पेज कशी करतात?" चहापलीकडे त्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. त्यांच्या पहिल्या पेजेने पतंग चिकटवता आले असते. मी ती मुकाट्याने खाल्ली. पुढे त्यांना जमायला लागलं. रविवारी दुपारी मी पडले की ते फोनचा रिसीव्हर काढून ठेवायचे, आणि मंडळाला बेधडक सांगायचे, "शी इज रेस्टिंग. या वेळी पुरणपोळ्या कॅन्सल."

काढ्याने म्हणा, पेजेने म्हणा की वयाने, देव जाणे, पण बर्फ वितळायच्या आधीच पाय निवले. एका संध्याकाळी मला चक्क थंडी वाजली. मी उठून खिडकी लावली आणि जिन्यातून हाक मारली, "अहो, या वर."

ते लगेच आले. काखेत उशी, डोक्यावर कानटोपी.

"आता ती कशाला?"

"असू दे," ते म्हणाले, "किटली पूर्ण भरेपर्यंत."